आयत्या वेळचा विषय

आमच्या पंचायतीची मासिक सभा संपत आली की एक ठरलेली खडखड सुरू व्हायची. टेबलाखाली पाय चपला शोधायला लागायचे, खुर्च्या मागं सरकायच्या, कुणी तंबाखूची डबी खिशात टाकायचा. मी विषयपत्रिकेवरचं शेवटचं कलम वाचायचो, "अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय." ते वाचायचं ते केवळ रीत म्हणून. आयत्या वेळी कुणाचा काही विषय नसायचा, कारण बाहेर मोटारसायकली उभ्या असायच्या आणि प्रत्येकाला घर गाठायचं असायचं.

नेमक्या त्याच वेळी आक्का पदर कमरेला खोचून उभ्या राहायच्या.

"माझा एक विषय आहे."

"खबर छे, बेन," सरपंच मगनभाई चष्मा काढून घडी करत म्हणायचे. "जोईशुं."

खबर छे म्हणजे ठाऊक आहे, आणि जोईशुं म्हणजे पाहू. मगनभाई तसे भले गृहस्थ. भाताची गिरणी, थोडी शेती, बोलणं मऊ. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, आणि त्यांना चांगलं ओळखणारे लोक त्यांच्या 'जोईशुं'लाच 'नाही' समजून घरी जायचे. आक्का जायच्या नाहीत. "पाहू म्हणालात तर तसं लिहून घ्या," असं त्या मला सांगायच्या, आणि मी लिहीपर्यंत उभ्याच राहायच्या. मी इतिवृत्तात लिहायचो, 'सदर विषयाचा विचार पुढील सभेत व्हावा.' मग आक्का बसायच्या, आणि सभा उठायची.

सिल्वासाच्या वेशीला लागून असलेल्या काही गावांची ती पंचायत. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं आणि त्यांची मुलंबाळं अजून तिथंच आहेत. मी तिथं कारकून म्हणून लागलो तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं. कचेरीच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसायची आणि विषयपत्रिकेवर बांधबंदिस्ती, कोंडवाडा, विहिरीतला गाळ असले विषय असायचे. मग करमाफीच्या ओढीनं कारखाने आले. खाचरांत पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, सायलीच्या बाजूला तर रस्ताच्या रस्ता धुरांड्यांचा झाला. त्यांच्यामागून माणसं आली. धुळ्याची, नंदुरबारची, नाशिककडची, आणि उत्तरेकडचीही. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी पोरं. पंचायतीची सभा तेव्हा तीन भाषांत चालायची. सरपंच गुजरातीत विचारायचे, पाड्यांवरचे सभासद वारली किंवा कोकणीत उत्तर द्यायचे, ओव्हरसियर हिंदीत हिशेब सांगायचा, आणि मी हे सगळं सरळ मराठीत आणून लिहायचो.

आक्का या गर्दीच्या आधीच आलेल्या. त्यांचं खरं नाव अनसूया. नवरा एका कारखान्यात फिटर होता, तो गेला. मूल नव्हतं. शिरपूरकडे माहेर होतं, पण त्या परत गेल्या नाहीत. सायलीच्या रस्त्याला त्यांनी खानावळ टाकली. उंच, काळ्यासावळ्या, हाडापेरानं भक्कम, आवाज असा की शिफ्टचा भोंगा वाजत असतानाही ऐकू यावा. अंगाला कायम लसणाच्या फोडणीचा वास. आलेल्या प्रत्येकाला त्यांच्या अहिराणीत पहिला प्रश्न एकच, जेवलास का, "जेवना का रे भाऊ?" मग तो वसुलीला आलेला असो की भांडायला. पोरं त्यांना आक्का म्हणायची, म्हणून सगळा रस्ता आक्का म्हणायचा. मगनभाई तेवढे अनसूयाबेन म्हणत.

पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्या निवडणुकीत आक्का उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. निवडून आलेल्या बाकीच्या बायका पहिल्या सभेला दाराजवळच्या बाकावर बसल्या, कारण तिथं त्यांच्यासाठी सतरंजी टाकून ठेवली होती. आक्का मात्र आल्या त्या सरळ टेबलापाशी, भिंतीकडची एक खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या हाताला बसल्या. "मला उजव्या कानानं जास्त ऐकू येतं," असं मला म्हणाल्या. ते खरं की खोटं, मला कधी कळलं नाही.

त्यांच्या काही सवयींनी सभेला सुरुवातीला वैताग आणला. मतासाठी हात वर केला, की त्यांचं मत मोजून मी मोठ्यानं आकडा सांगेपर्यंत त्या हात खाली घेत नसत. 'तांत्रिक मान्यता', 'प्रशासकीय बाब' असा शब्द आला की लगेच विचारत, "म्हणजे काय?" उत्तर पटलं नाही तर पुन्हा, "म्हणजे काय?" ओव्हरसियर एकदा चिडून म्हणाला, "मतलब पैसा नहीं है, आक्का." "मग असं मराठीत बोल ना," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पंचायतीचा चहा त्या पीत, पण कपबशी स्वतः धुऊन ठेवत आणि बाकीच्यांच्या कपांकडे अशा नजरेनं पाहत की हळूहळू दोन-चार सभासद आपापली बशी मोरीपर्यंत नेऊ लागले.

रागीट होत्या. कधी कधी विनाकारणही रागवत. एकदा वीजवाल्यानं त्यांची मर्जी राखायला म्हणून रस्त्यावरचा नवा दिवा नेमका त्यांच्या खानावळीच्या दारात लावला. आक्कांनी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत झापलं. पोरीबाळी पहाटे सार्वजनिक नळावर जातात, तिथं काळोख, आणि इथं मी काय दिव्याखाली ओव्या गाऊ? दिवा नळाजवळ गेला. पुढं पावसाळाभर आक्का स्वतःच्या अंधाऱ्या पायरीवर ठेचकाळत राहिल्या आणि प्रत्येक वेळी त्या वीजवाल्याच्या नावानं बोटं मोडत राहिल्या, जणू दिवा त्यानं आपण होऊन पळवला होता. तो बिचारा मला म्हणाला, "या बाईला दिवा हवाय की नकोय?" मी म्हटलं, "दोन्ही."

आयत्या वेळचा त्यांचा जो विषय होता, तो एका छपराचा.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. सभेला गणपूर्ती होत नव्हती, सभासदांची वाट बघत आम्ही दोघंच कचेरीत बसलो होतो. मीच विचारलं, की आक्का, इतर काही कामं सांगा ना, रस्ता आहे, गटार आहे, तुम्ही सारखं मसणातल्या छपराचं काय धरून बसलात?

मग म्हणाल्या, "तुम्ही हिरामणला पाहिलं नव्हतं."

हिरामण त्यांच्याकडं जेवणारा पोरगा. पाइपच्या कारखान्यात कामाला. लाजरा, ताटातलं काही टाकायचा नाही, आणि आक्कांच्या हातचा ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी आलं तरी अजून मागायचा. ऐन पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसत होते तरी ओव्हरटाइम चुकू नये म्हणून कामावर जात राहिला. दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. गावी तार केली, पण नद्यांना पूर, रस्ते बंद, आईबाप येऊ शकले नाहीत. बरोबरच्या पोरांनी तयारी केली. आणि मग प्रश्न पडला, न्यायचं कुठं?

आमच्याकडं ज्या त्या समाजाची नदीकाठी आपापली जागा होती. कुणी छप्पर बांधलं होतं, कुणी ओटा. वाईट कुणी नव्हतं, पण ती त्यांची त्यांची होती, वाडवडिलांपासूनची. बाहेरून आलेल्यांसाठी उघडा काठ होता. उन्हाळ्यात ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्या दिवशी पाऊस धरून होता. पोरांनी कारखान्यातून एक ताडपत्री आणली आणि चार कोपऱ्यांना चौघं धरून उभे राहिले. लाकडं ओली. रॉकेल ओतलं की भडकायचं, पुन्हा विझायचं.

"मी घरीच होते," आक्का म्हणाल्या. "आम्ही बाया जात नाही ना तिकडं. मी पोरांसाठी पाणी तापवून ठेवलं, पिठलंभात केला. ती सांजवेळी आली. मी विचारलं, नीट व्हयनं का सगळं? कुणी बोलेना. आंघोळ केली आणि ताटावरून तशीच उठली. मग त्यातला एक रडायला लागला. म्हणाला, आक्का, अर्धाच झाला. आम्ही त्याला तसाच ठेवून आलो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्का एकट्या नदीवर गेल्या. तिथं काय पाहिलं आणि काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याची आई आली पंधरवड्यानं. मला म्हणाली, जागा दाखवा. मी तिला दुसरीच जागा दाखवली, जरा बरी होती ती. पिंपळाखालची."

तेवढ्यात सभासद आले. आक्कांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. मी विषयपत्रिका वाचायला घेतली.

छपराला उघड विरोध कुणाचाच नव्हता, अडचण तीच होती. सगळे माना डोलावत, आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या वॉर्डात हवं असे. आक्का एकेका सभासदाच्या घरी जाऊन आल्या. सोबत कधी भाकरी, कधी लोणचं. लोणचं संपलं तरी जागा निघेना. एका सभेत एक सभासद सहज बोलून गेला, "हे बाहेरचे लोक आहेत, आपापल्या गावी न्यावं ना त्यांनी."

आक्का उठल्या. एरवी मोठ्यानं बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज त्या दिवशी खाली आला.

"भाऊ, तुमच्या चाळीत किती खोल्या आहेत?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत त्याच पुढं म्हणाल्या,

"भाड्याला माणूस गावचा लागतो की बाहेरचा? जिवंत आहे तोवर म्हणता, इथंच राहा, सणाला जाऊ नको, डबल पगार घे. मेला की म्हणता, घेऊन जा. भाकरी आणि मढं, दोन्ही थांबवून ठेवता येत नाही. भाकरीचं मी बघते. दुसऱ्याचं तुम्ही बघा."

मगनभाई म्हणाले, "जोईशुं, बेन." पण त्या वेळी ते आक्कांकडं न बघता चष्म्याकडं बघत म्हणाले.

त्यानंतर रघुनाथभाऊंनी हा विषय हातात घेतला. ते आक्कांच्याच भागातले सभासद. धुळ्याकडून मजूर म्हणून आले आणि मजूर पुरवणारे झाले. चलाख, बोलघेवडे, कामाचे. कुणाचं काय अडलंय हे त्यांना बरोबर ठाऊक असे. महिना-दोन महिने ते स्कूटरवरून फिरले आणि एक दिवस आक्कांना म्हणाले, "आक्का, जागा मिळाली. सुरंगीच्या रस्त्याला पाड्याच्या वरच्या अंगाला सरकारी पडीक आहे. मतंही जमवलीत. आता तुमचा विषय आयत्या वेळी नाही, पत्रिकेवर, पहिल्या नंबरला."

आक्कांनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्या संध्याकाळी खानावळीत सगळ्यांना शेवभाजी आणि गोड शिरा. पैसे घेतले नाहीत.

सभेच्या आदल्या दिवशी जागेची पाहणी करायची असा नियम. जीपमध्ये ओव्हरसियर, आक्का आणि मी. रघुनाथभाऊ म्हणाले, मी पाहिलीय, तुम्ही जा. जागा खरोखर चांगली होती. सपाट, रस्त्यापासून जवळ, खाली उताराला नदी. ओव्हरसियरनं पावलं टाकून माप घेतलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. आक्का त्या दगडांच्या मधोमध उभ्या राहून चहूकडं बघत होत्या. एखादी बाई नव्या घराच्या जोत्यावर उभी राहते तशा.

उतारावरून एक म्हातारी वर आली. वारली, कमरेत वाकलेली, डोक्यावर रिकामा हंडा. तिचं नाव बुधीबाई. तिनं दगड पाहिले आणि विचारलं, "हां काय करतां?"

ओव्हरसियर म्हणाला, "कुछ नहीं, माई, सरकारी काम है."

आक्का म्हणाल्या, "मसण बांधतोय, बाई. ज्यांना इथं कुणी नाही त्यांच्यासाठी."

बुधीबाईनं मान हलवली. रागावली नाही. "चल," असं आक्कांना म्हणाली आणि उतार उतरू लागली. आम्ही मागं गेलो. दगडांच्या कपारीत एक झरा होता. फार मोठा नाही, पण त्या कोरड्या दिवसांत करंगळीएवढी धार चालू होती. भोवती दगडांचं आळं केलेलं, वर करवंदीच्या काटक्या टाकून झाकलेलं. म्हातारीनं काटक्या बाजूला केल्या, वाटीनं पाणी घेतलं आणि आक्कांच्या पुढं धरलं. आक्का प्यायल्या.

"यो पानी आमचा," म्हातारी म्हणाली. "उन्हाल्यात दुसरा नाय. वर तुमचा मानूस जलल, पावसात राख खाली येल. मंग आमी काय प्यायचा?"

आक्कांनी वाटी म्हातारीला परत दिली. हंडा भरेपर्यंत तिथंच उकिडव्या बसून राहिल्या, आणि भरल्यावर तो तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

परतताना जीपमध्ये ओव्हरसियर म्हणाला, "पानी का क्या है आक्का, हँडपंप दे देंगे."

"कधी?"

"अगले साल. देखेंगे."

आक्का हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. "पाहू," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जोईशुं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत कधी नव्हे ती गर्दी. बाहेर ओट्यावर खानावळीतली पोरं, कारखान्यांतली माणसं उभी होती. रघुनाथभाऊंनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. मी विषय वाचला. "सूचक, श्रीमती अनसूयाबाई," असं म्हणून त्यांच्याकडं पाहिलं. त्या उठल्या. चेहऱ्यावर रात्रभर झोप झाली नसल्याच्या खुणा.

"मी विषय मागं घेते," त्या म्हणाल्या.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग रघुनाथभाऊ ताडकन उठले. "मागं घेते म्हणजे? आक्का, एवढी वर्षं घसा कोरडा केलात. मी दारोदार फिरून मतं आणली. हातातोंडाशी आलेला घास टाकताय?"

"घास माझ्या तोंडाशी आलाय, भाऊ, पण दुसऱ्याच्या ताटातला आहे. तिथं पाड्याचं पाणी आहे."

"ते पाडेवाले आले का तक्रार करायला?"

"नाही आले. मी गेले."

"आणि उद्या आपला माणूस मेला तर?"

आक्का टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. बाहेर ओट्यावरून कुणी तरी ओरडलं, "वारल्यांची मतं पाहिजेत म्हणा की!" आक्कांनी वळून पाहिलं. ओरडणारा त्यांच्याच पंगतीला जेवणारा होता.

"दुसरी जागा बघा," त्या मगनभाईंना म्हणाल्या. "विषय सोडत नाही मी. ही जागा सोडते."

तेव्हा भिंतीजवळून एक आवाज आला. त्या पाड्याचे सभासद लखमाभाई. सभेत ते कधी बोललेले मला आठवत नाहीत. हात वर करायचा तिथं करायचे आणि सही करून जायचे. ते उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "आमी बी शोधू." पुन्हा बसले.

त्या दिवसापासून आक्कांचे दिवस फिरले. खानावळीतली गर्दी ओसरली. रघुनाथभाऊंनी समोरच्या बाजूला आपल्या भाच्याला खानावळ काढून दिली. रस्त्यानं जाताना लोक तोंडावर काही बोलत नसत, पण आक्का आल्या की बोलणं थांबायचं. त्या सभेला येत, आयत्या वेळी उभ्या राहत, "दुसरी जागा?" असं विचारत, आणि बसत. आवाज तोच होता, पण बसताना आता खुर्चीचा आधार घेत.

आणि पावसाळा आला. रघुनाथभाऊंनी विचारलं होतं तसंच झालं. कापडाच्या कारखान्यातला एक वयस्क मजूर, उत्तरेकडचा, कामावरच छातीत कळ येऊन गेला. गाव दोन दिवसांच्या वाटेवर. पाऊस कोसळत होता. दुपारी पाच-सहा जण आक्कांच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांतल्या एकानं हातातली ताडपत्री त्यांच्या पायरीवर टाकली.

"घ्या आक्का. छप्पर तुम्ही घालवलंत. आता तुम्हीच धरा."

मृत्यूची नोंद घ्यायला पंचायतीतर्फे मी तिथं गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. आक्कांनी ताडपत्री उचलली. चूल विझवली, दार ओढून घेतलं आणि त्या पुरुषांच्या पुढं चालू लागल्या. बाईनं तिकडं जाऊ नये असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

नदी दुथडी होती. काठ चिखलाचा. लाकडं रचली, त्याच्या एका नातेवाइकानं अग्नी दिला. चौघांनी चार कोपरे धरले, एक कोपरा आक्कांचा. उंच होत्या, म्हणून त्यांची बाजू वर राही आणि पाणी पलीकडच्या माणसांवर जाई, तेव्हा त्या गुडघ्यात वाकून हात खाली आणत. धूर सगळा त्यांच्या तोंडावर. दोनतीनदा बाकीचे कोपरे धरणारे बदलले. मीही थोडा वेळ धरला. आक्कांनी कुणाला दिला नाही. ज्यानं ताडपत्री टाकली होती तो पोरगा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, "आक्का, द्या. चुकलं माझं." त्या फक्त म्हणाल्या, "लाकूड सरक ते. त्या बाजूचं."

काठावरच्या वाटेवर एक काळी छत्री येऊन थांबली. मगनभाई होते. कुणी तरी त्यांना जाऊन सांगितलं असावं. ते जवळ आले नाहीत. धोतराचा सोगा चिखलात गेला होता, तो त्यांनी वर घेतला नाही. बराच वेळ तसेच उभे राहिले. सगळं नीट होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते माझ्या टेबलापाशी आले. एरवी मला बोलावून घेत. म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या बाईला जोईशुं म्हणत आलो. काल जोयुं." काल पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि निघून गेले.

मगनभाईंच्या समाजाची नदीकाठी स्वतःची जागा होती, भिंत घातलेली. त्या भिंतीला लागून त्यांच्याच समाजाची एक पट्टी रिकामी पडली होती. ती पंचायतीला मिळावी म्हणून मगनभाई आपल्या लोकांत बोलू लागले. सोपं गेलं नाही. त्यांच्या सख्ख्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या घरच्या लग्नाला माणसं कमी आली, हे मी पाहिलं आहे. पण एकदा त्यांनी धरलं की मऊपणानंच धरून ठेवत.

हे चालू असतानाच निवडणूक आली आणि आक्का पडल्या. रघुनाथभाऊंची बायको निवडून आली. निकालाच्या दिवशी आक्का खानावळीत बसून कांदे चिरत होत्या. मी गेलो तर म्हणाल्या, "जेवना का?" मी हो म्हटलं तरी ताट वाढलं.

छप्पर झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. उंच लोखंडी खांब, वर जाड पत्रा, खाली दगडी चौथरा, एका बाजूला लाकडं कोरडी राहतील अशी खोली. उद्घाटनाला मंडप, हार, मोठे साहेब. दगडी पाटीवर सगळ्या सभासदांची नावं कोरली होती, त्यात रघुनाथभाऊंच्या बायकोचं होतं. आक्कांचं असायचं कारण नव्हतं, त्या सभासद नव्हत्या. मगनभाईंनी त्यांना व्यासपीठावर बोलावलं. आक्कांनी दुरूनच हात जोडले. बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांच्यात त्या उभ्या राहिल्या. रघुनाथभाऊंनी चांगलं भाषण केलं. भाषणात आक्कांचं नाव घेतलं, आणि घेताना त्यांचा आवाज थोडा अडखळला असं मला वाटलं. लखमाभाई पाड्यावरच्या चार-पाच जणांना घेऊन आले होते. ते मागं जमिनीवर बसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ती नोकरी सोडून नाशिकला आलो. आक्कांनीही पुढं खानावळ बंद केली आणि भावाकडं गेल्या, एवढं कुणाकडून तरी कळलं. पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या उद्घाटनाच्याच दिवशी.

माणसं पांगली होती. मंडपवाला कनाती सोडत होता. मी पंचायतीची सतरंजी आणि हारांची टोपली गोळा करत होतो. गवंडी आपली थापी, घमेलं आवरत होता. फाटकातून आक्का आत आल्या. खांबांना हात लावून पाहिला, लाकडांच्या खोलीत डोकावल्या, मान वर करून पत्र्याचे सांधे न्याहाळले. मग गवंड्याला म्हणाल्या, "भाऊ, शिडी आहे ना? वर चढ. पाणी ओत."

"आक्का, आता कशाला? पावसाळ्यात कळेलच की."

"पावसाळ्यात कळून काय उपयोग?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हार टोपलीत टाकत राहिलो. तो कुरकुरत नदीवर गेला, घागर भरून आणली आणि शिडीवर चढला. तेवढ्यात आक्का चपला काढून चौथऱ्यावर चढल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. गवंडी वरून ओरडला, "अहो आक्का, तिथं नका उभं राहू. जित्या माणसानं तिथं उभं राहू नये."

"मग कळणार कसं? ओत तू."

त्यानं घागर उपडी केली. पत्रा धडधड वाजला, पाणी उतरणीवरून धावत पन्हाळीत गेलं आणि बाहेरच्या धुळीत पडलं. खाली आक्का तोंड वर करून, डोळे मिटून उभ्या होत्या. एक थेंब आला नाही.

"अजून ओत," त्या म्हणाल्या.